भरा की मरा

कारखान्यात तिला सगळे मॅन्युअलबाई म्हणत. तिचं खरं नाव घेऊन हाक मारणारा शेवटचा माणूस कधीच निवृत्त होऊन गेला होता, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. कारखान्यात वाफेची यंत्रं बनायची. शस्त्रक्रियेची हत्यारं, कापडं, काचेची भांडी आत ठेवून वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करायची, अशी रुग्णालयात लागणारी, पोलादी दारांची धिप्पाड यंत्रं. प्रत्येक यंत्रासोबत एक जाडजूड पुस्तक जायचं: चालवायचं कसं, धुवायचं कसं, अडलं तर काय करायचं. ते पुस्तक ही बाई लिहायची. ओळी मांडायची, आकृत्या बसवायची आणि छापखान्यात स्वतः उभी राहून छापूनही घ्यायची. पुस्तकातलं अक्षरसुद्धा तिनेच निवडलेलं होतं. कुठे जाड कुठे बारीक अशा वळणाचं, जोडाक्षरं एकाखाली एक लावणारं जुन्या घाटणीचं अक्षर. त्याच्यावर तिचा भारी जीव.

थोरल्या मालकांनी कारभार मुलाच्या हातात दिला आणि धाकट्या साहेबांच्या मनात आलं की कारखान्याला नवा चेहरा हवा. पाटी नवी, गाड्यांवरचा रंग नवा, कागदपत्रांवरचं अक्षर नवं. त्यासाठी बाहेरून एक डिझायनर आणला. अंगाने काटकुळा, कानामागे सदा पेन्सिल खोचलेली, म्हणून जोडणी विभागाने पहिल्याच दिवशी त्याचं नाव पेन्सिल ठेवून टाकलं. माणूस शांत होता, कामात तरबेज होता. पण त्याने नव्या पुस्तकाची नमुन्याची पानं टेबलावर मांडली तेव्हा मॅन्युअलबाई खुर्ची ओढून पुढे वाकली.

अक्षरं देखणी होती, यात वाद नव्हता. केसासारखी बारीक, फिकट राखाडी रंगाची. पानावर जणू कुणी हळूच फुंकर मारून बसवलेली.

"वाचून दाखवा की बाई," साहेब खुशीत म्हणाले. "तुमचाच मजकूर आहे."

बाईने पान उचललं, जरा लांब धरलं आणि मोठ्याने वाचलं, "टाकीत खुणेपर्यंत शुद्ध पाणी मरा."

बैठकीत हशा पिकला. पेन्सिलचे कान लाल झाले.

"मरा नाही, भरा आहे ते," तो म्हणाला.

"तुम्हाला ठाऊक आहे म्हणून भरा. कागदावर मला तरी मरा दिसतंय. भ ची गाठ कुठे आहे यात?"

"आहे. नीट बघितलं तर दिसते."

"नीट बघायला वेळ असलेला माणूस मॅन्युअल उघडत नाही हो. यंत्र बोंबलायला लागलं की उघडतो."

साहेबांनी हात वर करून वाद थांबवला. "बाई, रागावू नका, पण एकदा डोळे तपासून घ्या. वयाप्रमाणे होतं सगळ्यांचंच. नवं यंत्र पुढच्या महिन्यात बाजारात जातंय. छापील पुस्तक आणि वेबसाइटवरची प्रत, दोन्ही याच अक्षरात जाणार."

पुन्हा हशा. पहिल्या हशापेक्षा हा बाईला जास्त झोंबला, कारण त्यात तथ्य होतं. गेलं वर्षभर ती फोन हातभर लांब धरून वाचत होती. औषधाच्या पाकिटावरची तारीख लेकीकडून वाचून घेत होती, तीही "बघू तुझं वाचन किती पक्कं आहे" अशी थाप मारून. लेक कॉलेजात शिकत होती, तिला काय कळत नव्हतं? पण आईची लाज राखून ती वाचून द्यायची.

त्या आठवड्यात बाई नवऱ्याला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. नंबर निघाला, आणि चांगला सणसणीत निघाला. चष्मा मिळाल्यावर दुकानाच्या दारातच तिने पिशवीतून ते नमुन्याचं पान काढलं. भरा. स्वच्छ भरा. गाठ बारीक होती, पण होती.

"झालं तर मग," नवरा म्हणाला. "वाद मिटला. साहेबांना सांगून टाक आणि मोकळी हो."

"मिटला कसला?"

"अगं, दिसतंय ना आता?"

"मला दिसतंय. मी इथे उन्हात उभी आहे, हातात कोरडा कागद आहे, डोळ्यांवर कोरा चष्मा आहे. पुस्तक माझ्यासाठी छापतात का?"

नवऱ्याने मान डोलावली. बायकोचा असा आवाज लागला की मध्ये बोलायचं नाही, हे तो लग्नानंतर लवकरच शिकला होता.

दुसऱ्या दिवशी चष्मा लावूनच बाई साहेबांच्या खोलीत गेली. मनातून अवघडली होती, पण आडपडदा न ठेवता बोलली. "तुमचं खरं होतं. डोळे बिघडलेच होते माझे. चष्म्याने भरा दिसतंय."

साहेब हसले. "मनाला लावून घेऊ नका हो."

"नाही घेतलं. पण एक मागणं आहे. पुस्तक जिथे वाचतात तिथे नेऊन वाचून घेऊ. माझ्या टेबलावर नाही, तुमच्याही नाही. माझी धाकटी जाऊ मोठ्या रुग्णालयात वाफेच्या खोलीतच कामाला आहे. तिथल्या मुख्य सिस्टरची परवानगी मी काढते."

साहेबांनी जरा विचार केला. "जा. पण एकतर्फी नको. तुमचं जुनं अक्षरही तिथेच तपासायचं. कागदावर आणि फोनवर, दोन्हीकडे. आणि डिझायनर सोबत येईल."

"येऊ दे की," बाई म्हणाली. जुन्या अक्षराबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

जाऊ वरच्याच मजल्यावर राहायची. संध्याकाळी बाई तिच्याकडे गेली तेव्हा ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "ताई, या खुशाल. पण घाम गाळायची तयारी ठेवून या. आणि तुमच्या त्या पेन्सिलला सांगा, इस्त्रीचा शर्ट घालून येऊ नको म्हणावं."

पेन्सिल इस्त्रीचाच शर्ट घालून आला.

वाफेची खोली रुग्णालयाच्या तळघरात होती. भिंतीला लागून तीन यंत्रं उभी, त्यातलं एक त्यांच्याच कारखान्याचं, बऱ्याच जुन्या बनावटीचं. छतावरच्या दिव्यांच्या झाकणांवर आतून ओल धरलेली, त्यामुळे उजेड दुधाळ आणि मंद. दार उघडलं की वाफेचा लोट बाहेर यायचा आणि बाईचा नवा चष्मा पार आंधळा व्हायचा. यंत्राशेजारी खिळ्याला तिचंच पुस्तक टांगलेलं होतं, प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवी पिवळी पडली होती, आतून पाण्याचे थेंब चिकटले होते. आपलं पुस्तक इतकी वर्षं अशा बुरख्यातून बघतात, हे बाईला आज पहिल्यांदा कळलं.

मुख्य सिस्टर कडक बाई होत्या. "माझं काम थांबणार नाही," त्यांनी आधीच बजावलं. "माणसं जिथे उभी असतील तिथेच विचारा."

बाईने नवी पानं एका तशाच पिशवीत घालून खिळ्याला लटकवली. पहिली पाळी जाऊची. हातात ट्रे धरून, मान वाकडी करून ती वाचू लागली. "टाकीत खुणेपर्यंत शुद्ध पाणी म..." ती थबकली आणि ट्रे सांभाळत फिदीफिदी हसायला लागली. "ताई, हे काय लिहिलंय! आम्ही काय वाईट केलं तुमचं?"

पेन्सिलने वहीत काहीतरी टिपलं.

मग यंत्र चालवणारा ऑपरेटर आला. आडव्या अंगाचा, बोलका माणूस. त्याला दार उघडण्यापूर्वीची सूचना वाचायला दिली. तो मोठ्या आवाजात म्हणाला, "दाब ०.९ च्या खाली आल्याशिवाय दार उघडू नये."

"पुन्हा वाचा," पेन्सिल म्हणाला.

"०.९ च्या खाली."

"जवळ जाऊन वाचा."

ऑपरेटरने पिशवीवरचा थेंब अंगठ्याने पुसला, नाक जवळजवळ पानाला लावलं. मग तो मागे सरकला. हसू मावळलं होतं. "एक आहे हो हा. ०.१."

"०.९ वर दार उघडलं तर?" पेन्सिलने विचारलं.

"नव्या यंत्राला कुलूप असतं, उघडणार नाही. जुन्यांची कुलपं झिजलेली असतात." ऑपरेटरने बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गुळगुळीत, गुलाबी झालेली होती. "ही जुन्या यंत्राची. तेव्हा वाचायची चूक नव्हती, घाईची होती. पण वाफेला काय, दोन्ही सारखंच."

बाईने नवी पानं खिळ्यावरून काढली. यंत्राने सुस्कारा सोडला.

त्यानंतर बाईने आपलं जुनं अक्षर लटकवलं. जाऊने वाचलं, ऑपरेटरने वाचलं, हातमोजे चढवत सिस्टरनीही वाचून दाखवलं. भरा होता, ०.१ होता, एकही जण अडखळला नाही. बाईची मान ताठ झाली. पेन्सिलकडे तिने मुद्दाम बघितलं नाही, पण तो बघत असेल याची तिला खात्री होती.

"आता फोन," सिस्टर म्हणाल्या.

"फोनचं काय एवढं," बाई सहज बोलून गेली. "पुस्तक तर इथेच आहे."

"अहो, ते पुस्तक काढायचं म्हणजे हातमोजे काढा, पिशवी काढा, ओली पानं सोडवा. कोण करतं? आम्ही सगळे फोनवरच बघतो."

जाऊने आपला फोन काढला. काचेला एका कोपऱ्यातून तडा गेलेला. बाईने जुन्या अक्षरातली वेबसाइटवरची प्रत उघडून दिली. जाऊने डोळे बारीक केले, दोन बोटांनी पान ताणलं, तर ओळींची शेपटं पडद्याबाहेर पळाली. ती पकडायला पान सरकवलं तर सुरुवात गायब.

"नि... निर... ताई, हे निर काय तुक आहे?"

"निर्जंतुक!"

"कुठे आहे जं? इथे नुसता डाग पडलाय."

बाईने फोन हातात घेतला. खरंच डाग होता. र चा रफार आणि शेजारचा अनुस्वार एकमेकांत मिसळून माशी बसल्यासारखं दिसत होतं. एकाखाली एक लावलेल्या जोडाक्षरांचा चिखल झाला होता. बारीक रेषा तुटून पडल्या होत्या. तिच्या लाडक्या अक्षराची अशी दशा! नव्या अक्षराची फोनवरची प्रत उघडली तर तीही फिकी होती, उजेडात विरत होती. पण शब्द मोकळे होते, गोलाई मोठी होती. जाऊने निर्जंतुक एका दमात वाचला. भरा मात्र तिथेही मराच राहिला.

जिना चढून दोघं बाहेर आले आणि रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसले. पेन्सिलचा शर्ट पाठीला चिकटला होता. समोरच्या टपरीवरून बाईने दोन चहा आणले.

"ते अक्षर मी विकत घेतलेलं नाही, मॅडम," तो कप हातात घेऊन म्हणाला. "मी काढलंय. एकेक वळण. लोकांनी बघून छान म्हणावं म्हणून काढलं. कुणाच्या तरी हाताचं कातडं त्यावर अवलंबून असेल, हे डोक्यात आलंच नाही."

बाईला त्याला चार शब्द सुनवायचे होते. सकाळपासून तयार ठेवले होते. पण आता तिला ते जमेना. "माझंही आज पितळ उघडं पडलं," ती म्हणाली. "फोनवर कसं दिसतं, ते मी कधी उघडून बघितलंच नव्हतं. छापखान्याच्या दारापर्यंतच माझी नजर." तिने चहा संपवला, कप खाली ठेवला. "बरं, आता सांगा. भ ची गाठ मोठी करता येईल?"

"येईल. पण मग म चीही कड बदलावी लागेल. आणि सगळंच जाड करावं लागेल."

"करा. रंग?"

"काळा," तो म्हणाला. "राखाडी नको. कळलं मला."

मग दोघांनी कंबर कसली. पेन्सिलने आपलं सामान साहेबांच्या मजल्यावरून उचलून मॅन्युअलबाईच्या टेबलाशेजारी आणलं. फोनसाठीच्या नव्या अक्षरात त्याने भ ला चांगली ठसठशीत गाठ दिली, ९ च्या पोटाला गोल फुगीर केलं आणि १ ची मान सरळ केली, म्हणजे दोघे भाऊ लांबूनही वेगळे ओळखू यावेत. दशांशाचं टिंब मोठं केलं. जोडाक्षरं एकाशेजारी एक लावली. बाईला ती बघवेनात. शुद्ध मधला द पाय मोडून बसल्यासारखा वाटतो म्हणून ती कुरकुरली, पण तिने ती राहू दिली. फोनवरची प्रत म्हणजे पानाचा फोटो नको, मजकूर असा हवा की अक्षर मोठं केलं तर ओळ आपोआप खाली वळेल, हेही त्यानेच सुचवलं. छापील पुस्तकात जुनं अक्षर ठेवायचं ठरलं, पण आकाराने थोरलं आणि ओळी आखूड.

पेन्सिलही काही कमी नव्हता. एकदा बाईची पानं चाळताना तो म्हणाला, "मॅडम, धोक्याच्या सगळ्या सूचना तुम्ही तिरप्या अक्षरात टाकल्यात. अख्खेच्या अख्खे परिच्छेद."

"उठून दिसावं म्हणून."

"एक शब्द तिरपा असला तर उठून दिसतो. पूर्ण पान तिरपं असलं की डोळा घसरत खाली जातो. तुम्हीच वाचा ना."

तिने वाचलं. डोळा घसरला. "हं," एवढंच म्हणून तिने सगळ्या सूचना सरळ केल्या आणि भोवती जाड चौकट आखली.

नवा नमुना घेऊन ते पुन्हा तळघरात गेले. भरा पास झाला, ०.१ पास झाला, पण फोनवर ऑपरेटरने "गाळणी बदला" च्या जागी "गाळणी वदला" वाचलं. ब च्या पोटातली तिरकी रेघ वाफेत बुडत होती. पेन्सिल तिथेच ट्रॉलीवर कागद टेकून रेघ सुधारत बसला. सिस्टर त्याला बाजूला हो म्हणाल्या, तर तो ट्रॉलीसकट बाजूला झाला आणि काढत राहिला. तिसऱ्या खेपेला कुणी अडलं नाही. खुद्द सिस्टर म्हणाल्या, "आता जा बाबांनो, माझी सुटका करा."

खरी अडचण पुढेच होती. साहेबांनी दोन्ही प्रती टेबलावर ठेवल्या आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"छापील एक अक्षर, फोनवर दुसरं. पाटीवर तिसरंच. मी कारखान्याला एक चेहरा द्यायला निघालो होतो, तुम्ही वरात काढलीत."

"मुखपृष्ठावर बारीक अक्षर ठेवा," बाई म्हणाली. "पाटीवर ठेवा, जाहिरातीत ठेवा. तिथे शोभतं ते. आत, जिथे हात भाजतो, तिथे नको."

"इतकी वर्षं कुणाचा हात भाजला का पुस्तकामुळे?"

"नाही. आणि माझ्या सहीच्या पुस्तकाने भाजणारही नाही." तिचा आवाज चढला नव्हता, पण शब्द खणखणीत होता. "मजकूर तपासला म्हणून शेवटच्या पानावर माझी सही असते. बारीक अक्षराच्या पुस्तकावर मी ती करणार नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाची घ्या."

साहेबांनी पेन्सिलकडे बघितलं, हा तरी आपल्या बाजूने बोलेल म्हणून.

"मीही माझं बारीक अक्षर या पुस्तकासाठी देणार नाही, सर," तो म्हणाला. "काढणारा मीच आहे. कुठे वापरायचं नाही, एवढं मला आता समजलंय."

साहेबांचा पारा चढला. ते खिडकीपाशी गेले, खाली मालमोटारीत चढणाऱ्या पेट्या बघत उभे राहिले. बाईला वाटलं, आता नोकरीवर येतंय. घरी काय सांगायचं ते तिने मनात जुळवूनही टाकलं, आणि गंमत म्हणजे ते जुळवल्यावर तिची भीती गेली.

"ऑपरेटरने दोनदा ०.९ वाचलं?" साहेबांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

"दोनदा. मी समोर होतो," पेन्सिल म्हणाला.

"छापायला पाठवा. वेबसाइटवरही चढवा. पण उशीर झालाय, तो भरून काढायचा तुम्हीच. आणि उद्या कुणी म्हणालं पुस्तक जुनाट दिसतं, तर उत्तर द्यायला मी तुम्हाला बोलावणार."

"बोलवा," बाई म्हणाली.

कौतुकाचा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही. तिला तो नकोही होता. त्याच दुपारी ती पेन्सिलला घेऊन छापखान्यात गेली. यंत्रातून पहिलं पान सरकून आलं तसं तिने ते ओलं असतानाच उचललं, आणि पेन्सिलने तिच्या हातून हिसकावून घेऊन खिडकीच्या उजेडात धरलं. दोघांनी मिळून ते वरपासून खालपर्यंत वाचलं. छापखानेवाला म्हणाला, "अहो, माझं यंत्र थांबलंय," तरी त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मगच मान हलवली.

नवी यंत्रं बाहेर पडली. पुस्तकाला जुनाट म्हणणारे दोघं-तिघं भेटले, बाईने त्यांना उत्तरं दिली. मग एके सकाळी तिच्या टेबलावरचा फोन वाजला. लांबच्या कुठल्याशा रुग्णालयातला ऑपरेटर होता, ओळखीचा नव्हता.

"मॅन्युअल लिहिणाऱ्या बाई का? जरा विचारायचं होतं. सफाईच्या पानावर तुम्ही म्हणता, आधी टाकीतलं पाणी सोडा, मग वीज बंद करा. पाणी तापवणारी विजेची कांडी कोरडी पडून जळणार नाही का? उलट हवं ना?"

बाईने पान उघडलं. चष्मा नाकावर सरकवून वाचलं. माणूस अगदी बरोबर बोलत होता.

"उलट हवं," ती म्हणाली. "आजच दुरुस्त करते. तुम्ही पहिले निघालात हे सांगणारे."

"आधी वाटलं आपणच चुकीचं वाचतोय. पण अक्षर तर स्पष्ट आहे. मग म्हटलं चूक तिकडचीच असणार."

बाईला हसू फुटलं. फोन ठेवून तिने शेजारच्या टेबलाकडे वळून हाक मारली, "पेन्सिल, ते पान काढा. वाचायला लागले लोक. आता आपली धडगत नाही."